स्लाऊचा शिकाऊ

१९७१ च्या फेब्रुवारीत स्लाऊच्या सरकारी प्रशिक्षण केंद्रात स्टोअरकीपरच्या वर्गाला एक तेवीस वर्षांचा तरुण दाखल झाला. आलेला माल मोजून घ्यायचा, नोंदवहीत चढवायचा, जागच्या जागी लावायचा आणि मागणी येईल तसा द्यायचा, असलं ते साधं शिक्षण. बेकार माणसाला हाताशी एखादं काम यावं म्हणून सरकार असे वर्ग चालवत असे. स्लाऊला अशा कामाची वाण नव्हती. पहिल्या महायुद्धानंतर लष्कराच्या मोटारदुरुस्तीच्या आवारात १९२० पासून उभी राहिलेली तिथली औद्योगिक वसाहत एव्हाना चांगलीच फोफावली होती. मार्स चॉकलेटचा कारखाना १९३२ पासून तिथे होता आणि गोदाम म्हटलं की स्टोअरकीपर लागणारच. हा तरुण सिपनहॅम भागातल्या वसतिगृहात राहायचा, सभ्य आणि थोडं पुस्तकी बोलायचा, संध्याकाळी बरोबरीच्या शिकाऊ मंडळींसोबत वाइनचा पेला घ्यायचा.

त्याचं नाव ग्रॅहम यंग. स्लाऊला येण्याआधीची आठ वर्षं सात महिने तो ब्रॉडमूरमध्ये होता. क्रोथोर्न गावाजवळचं हे कडेकोट बंदोबस्ताचं मनोरुग्णालय स्लाऊपासून पंधरा-सोळा मैलांवर आहे. तिथे त्याला पाठवलं तेव्हा तो चौदा वर्षांचा होता.

यंगचा जन्म ७ सप्टेंबर १९४७ चा, उत्तर लंडनमधल्या नीस्डनचा. लंडनच्या मराठी माणसाला हा भाग परका नाही. १९९५ साली उभं राहिलेलं मोठं स्वामिनारायण मंदिर तिथेच आहे आणि डॉलिस हिलची महाराष्ट्र मंडळाची वास्तूही तिथून जवळच. यंगच्या लहानपणी मात्र तो मध्यमवर्गीय इंग्रजांचा सुस्त परिसर होता. जन्मानंतर काही महिन्यांतच आई क्षयाने गेली. पोर आत्याकडे वाढलं, आणि बापाने १९५० मध्ये दुसरं लग्न केल्यावर सावत्र आईच्या घरी आलं. मुलगा हुशार, वाचनाची आवड दांडगी, पण वाचायचा काय, तर विषप्रयोग करणाऱ्यांची चरित्रं. रुजलीचा डॉक्टर विल्यम पामर हा एकोणिसाव्या शतकातला फाशी गेलेला खुनी त्याचा आदर्श होता. रसायनशास्त्रातलं ज्ञान वयाच्या मानाने इतकं पक्कं, की खोट्या नावाने सही करून आणि शाळेच्या प्रयोगाचं निमित्त सांगून तो औषधविक्रेत्याकडून अँटिमनी मिळवत असे.

१९६१ पासून त्या घरात एकेक जण आजारी पडू लागला. ओकाऱ्या, पोटात पिळवटून येणं, हातापायांना मुंग्या. बहिणीला एकदा इतकं झालं की डॉक्टरांनी बेलाडोनाची बाधा असल्याचं निदान केलं. शाळेतल्या ज्या मित्राला तो डब्यातलं खाऊ घालायचा, त्याचीही हीच गत. २१ एप्रिल १९६२ रोजी सावत्र आई वारली. तिच्या मृत्यूचं कारण मणक्याच्या दुखण्यात शोधलं गेलं आणि देहाचं दहन झालं. बाप मात्र रुग्णालयात गेला तेव्हा त्याच्या शरीरात अँटिमनी सापडलं. संशय पक्का केला तो शाळेच्या रसायनशास्त्राच्या शिक्षकाने. त्याने मुलाचं मेज तपासलं, तर आत विषाच्या बाटल्या आणि विषप्रयोगांवरचं लिखाण. मग एका मानसोपचारतज्ज्ञाने नोकरीविषयी सल्ला देणारा अधिकारी असल्याचा बहाणा करून मुलाशी गप्पा मारल्या. विषयाचं कौतुक केल्याबरोबर मुलगा खुलला आणि भडाभडा बोलत सुटला. २३ मे रोजी पोलिसांनी त्याला पकडलं.

खटला ओल्ड बेलीत चालला. न्यायाधीश होते मेलफर्ड स्टीव्हनसन, कडक शिक्षांसाठी नावाजलेले. सावत्र आईच्या खुनाचा आरोप ठेवला गेला नाही. देह जळून गेला होता, पुरावा आणायचा कुठून, असा तेव्हाचा समज होता. आरोप होते बाप, बहीण आणि शाळेतला मित्र यांना विष दिल्याचे. ६ जुलै १९६२ रोजी यंगला ब्रॉडमूरला पाठवण्याचा हुकूम झाला. १९५९ च्या मानसिक आरोग्य कायद्याखालचा तो हुकूम होता, आणि त्याला जोड अशी, की पंधरा वर्षांपर्यंत गृहमंत्र्यांच्या परवानगीवाचून त्याला सोडायचं नाही.

इथे इंग्रजी कायद्याची मागची वाट थोडी पाहायला हवी. १ ऑगस्ट १८३१ रोजी मेडस्टन इथे जॉन बेल नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला, तेरा वर्षांच्या दुसऱ्या मुलाच्या खुनासाठी, भर गर्दीपुढे फासावर लटकवलं होतं. म्हणजे नेमकं यंगचंच वय. १९०८ च्या बालक कायद्याने सोळा वर्षांखालच्यांची फाशी बंद केली, १९३३ च्या कायद्याने ही मर्यादा अठरावर नेली. फाशीच्या जागी आलं ते ‘राजाची मर्जी असेपर्यंत स्थानबद्धता’. या शिक्षेला मुदत नसते. मर्जी उद्याही फिरेल किंवा जन्मभर फिरणार नाही. ही कल्पना मुळात वेड्या गुन्हेगारांसाठी होती. १८०० साली ड्रूरी लेन नाट्यगृहात तिसऱ्या जॉर्जवर गोळी झाडणारा जेम्स हॅडफील्ड वेडा ठरून सुटला, तेव्हा घाईघाईत तसा कायदा केला गेला. पुढे तीच तरतूद मुलांना लावली. त्यातली क्रूरता उघड आहे, पण एक गोष्ट मान्य करायला हवी: दार कायमचं बंद, असं या कायद्याने मुलाला कधीच सांगितलं नाही. यंगच्या प्रकरणात खून सिद्ध नसल्यामुळे त्याला ही शिक्षा नव्हती. रुग्णालयाचा हुकूम आणि गृहमंत्र्यांचं कुलूप, अशी जोडी होती. मेख तीच: किल्ली एका मंत्र्याच्या हातात, आणि मंत्र्याला माहिती पुरवणार डॉक्टर.

ब्रॉडमूरच्या इतिहासात इतक्या लहान वयाचे रुग्ण फार थोडे आले. तो आला त्याच उन्हाळ्यात तिथला एक कैदी सायनाइडने मेला. रुग्णालयात सायनाइड नव्हतं. यंग ऐकेल त्याला सांगत असे की आवारातल्या लॉरेलच्या पानांतून ते काढता येतं. त्याच्यावर काही सिद्ध झालं नाही. तिथल्या ग्रंथालयात त्याने औषधशास्त्र आणि विषशास्त्र धुंडाळलं, हिटलरवरची पुस्तकं वाचली. एका परिचारिकेच्या कॉफीत संडास धुण्याचं हार्पिक निघालं. असल्या प्रकारांनंतर तो काही काळ शहाण्यासारखा वागू लागला. सुटायचं तर बरं झाल्याचं दिसलं पाहिजे, हे त्याच्यासारख्या डोक्याला कळायला कितीसा वेळ लागणार?

१९७० मध्ये डॉ. एडगर उडविन यांनी गृहखात्याला कळवलं की या तरुणात खोलवर बदल झाला आहे आणि विषांचं वेड आता राहिलेलं नाही. ४ फेब्रुवारी १९७१ रोजी यंग बाहेर पडला. गृहमंत्री होते रेजिनाल्ड मॉडलिंग. जाताना तो एका परिचारिकेला म्हणाला होता की इथे काढलेल्या प्रत्येक वर्षामागे एक माणूस मारीन. ही गोष्ट त्याच्या कागदपत्रांत नोंदली गेली होती. नंतर ती बाहेर आली तेव्हा लोकांना धक्का बसला, त्या बोलण्याचा जितका, तितकाच ते लिहून ठेवून गप्प बसण्याचा.

सुटकेला अटी होत्या: ठरलेल्या पत्त्यावर राहायचं, परिवीक्षा अधिकाऱ्याला भेटायचं, मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. कागदावर हे पुरेसं वाटतं. प्रत्यक्षात ब्रॉडमूरच्या उंच भिंती आणि मोकळा रस्ता यांच्यामध्ये होतं ते फक्त सिपनहॅमचं वसतिगृह. चौदाव्या वर्षापासून कुलपाच्या आत वाढलेल्या माणसाला बाहेरच्या जगाची सवय लावणारी, त्याच्यावर लक्षही ठेवणारी मधली जागाच इंग्लंडमध्ये नव्हती. त्याच्या खोलीशेजारच्या शिकाऊंना तो कुठून आला हे कोणी सांगितलं नाही. काही दिवसांतच त्यांच्यातला एक चौतीस वर्षांचा माणूस आजारी पडला. पोटात कळा, ओकाऱ्या, पायांत जोर नाही. हा गडी फुटबॉल खेळणारा होता, पुढे त्याचा खेळ सुटला. डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या संसर्गापासून स्नायू ताणल्यापर्यंत अनेक तर्क केले. विष कोणाच्या मनात आलं नाही, आणि यावं तरी कसं? या माणसाबाबतचा आरोप पुढे खटल्यात आला, पण यंगला ज्या गुन्ह्यांची शिक्षा झाली ते सगळे दुसरीकडचे. स्लाऊतलं प्रकरण संशयापाशीच थांबलं.

आणि हे घडावं कुठे, तर स्लाऊत! विषाच्या इतिहासात या गावाची जागा फार जुनी आहे. १ जानेवारी १८४५ रोजी स्लाऊच्या सॉल्ट हिलमध्ये जॉन टॉवेलने सेरा हार्ट या स्त्रीला बिअरमधून प्रुसिक ॲसिड देऊन मारलं आणि तो लंडनची गाडी पकडून निसटला. पण स्लाऊ स्थानकात नव्याने बसवलेलं तारायंत्र होतं. क्वेकर पंथाचा वेश केलेला माणूस पहिल्या वर्गाच्या डब्यात आहे, असा निरोप पॅडिंग्टनला गाडीच्या आधी पोचला. तारेच्या यंत्रात ‘क्यू’ अक्षर नसल्यामुळे क्वेकर हा शब्द वेड्यावाकड्या अक्षरांत गेला, तरी समजायचं ते समजलं. मार्चमध्ये टॉवेल एल्सबरीला फासावर गेला. विजेच्या तारेने खुनी पकडला जाण्याचं हे इंग्लंडमधलं पहिलं गाजलेलं उदाहरण. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, टेलिफोन आणि टंकलेखनयंत्रांच्या काळात, त्याच गावातून विषारी माणसाबद्दलचा निरोप थोड्याच मैलांवरच्या बोव्हिंग्डनला, त्याच्या पुढच्या नोकरीच्या गावी, पोचू शकला नाही.

बोव्हिंग्डनला जॉन हॅडलंड लॅबोरेटरीज ही अतिवेगवान छायाचित्रणाची उपकरणं बनवणारी कंपनी होती. स्लाऊतला वर्ग संपल्यावर यंगने तिथे साहाय्यक स्टोअरकीपरच्या जागेसाठी अर्ज केला. आई वारल्यावर मन खचलं होतं म्हणून बराच काळ उपचार घेतले, असं त्याने सांगितलं. कंपनीने चौकशी केली. डॉ. उडविन यांच्या उत्तराचा आशय असा, की त्याच्या व्यक्तिमत्त्वात गंभीर बिघाड होता, किशोरवय रुग्णालयात गेलं, आता तो पूर्ण बरा आहे. ब्रॉडमूरचं नाव नाही, विषाचा उल्लेख नाही. १० मे १९७१ रोजी तो कामावर रुजू झाला. त्याआधीच त्याने लंडनमधल्या एका औषधाच्या दुकानातून, एका कॉलेजच्या नावाचा कागद दाखवून, विष मिळवून ठेवलं होतं.

कंपनीत चहाची गाडी फिरायची आणि आपल्या विभागातल्या लोकांचे कप आणून देण्याचं काम त्या गरीब स्वभावाच्या नव्या पोराने आनंदाने उचललं. थॅलियमच्या क्षारांना चव नाही, वास नाही, पाण्यात ते सहज विरघळतात. शरीर त्यांना पोटॅशियम समजून आत घेतं आणि मग मज्जातंतू एकेक करून निकामी होतात. काही दिवसांनी केस झडतात. स्टोअरचा प्रमुख बॉब एगल ७ जुलैला गेला. मृत्यूचं कारण मज्जातंतूंचा विकार आणि न्यूमोनिया असं लिहिलं गेलं, देहाचं दहन झालं आणि कंपनीतर्फे अंत्यविधीला यंगही हजर राहिला. त्यानंतर अनेकांना त्रास सुरू झाला. गावात फिरणाऱ्या एखाद्या विषाणूचं हे काम असेल असं धरून लोक त्याला ‘बोव्हिंग्डन बग’ म्हणू लागले. दोघांचे केस झडले. १९ नोव्हेंबरला फ्रेड बिग्ज हा आणखी एक सहकारी लंडनच्या रुग्णालयात वारला.

कामगार घाबरले होते. कंपनीचे डॉक्टर इयन अँडरसन यांनी सगळ्यांना उपाहारगृहात जमवून धीर दिला. प्रश्न विचारा म्हटल्यावर यंगने विचारलं, ही लक्षणं थॅलियमच्या विषबाधेशी जुळत नाहीत का? गोदामातल्या मदतनिसाला इतकं वैद्यक कुठून? डॉक्टरांनी ही गोष्ट मालकाच्या कानावर घातली, मालकाने पोलिसांच्या, आणि स्कॉटलंड यार्डमध्ये जुनी फाइल उघडली गेली. म्हणजे डॉक्टरांना, गृहखात्याला, परिवीक्षा अधिकाऱ्यांना जे जमलं नाही, ते शेवटी त्याच्या मिरवण्याच्या हौसेनं केलं. केंट परगण्यात शीअरनेसला बापाच्या घरी त्याला पकडलं तेव्हा खिशात थॅलियम होतं. हेमेल हेम्पस्टेडच्या त्याच्या भाड्याच्या खोलीत एक डायरी सापडली. कोणाला किती मात्रा दिली आणि पुढे काय झालं याच्या नोंदी त्यात सहकाऱ्यांच्या आद्याक्षरांनी होत्या. ही कादंबरीची टिपणं आहेत, हा त्याचा बचाव.

सेंट अल्बन्सच्या न्यायालयात १९७२ च्या जूनमध्ये खटला चालला. दहा वर्षांपूर्वी सावत्र आईचा देह जळाला म्हणून पुराव्याचा प्रश्न मिटला होता. या वेळी एगलच्या राखेची रासायनिक तपासणी झाली आणि राखेत थॅलियम मिळालं. दहन केलेल्या देहाच्या राखेवरून खून सिद्ध होण्याची ब्रिटनमधली ही पहिली वेळ मानतात. दोन खून, दोन खुनांचे प्रयत्न आणि दोघांना विष दिल्याचे गुन्हे शाबीत होऊन २९ जूनला त्याला जन्मठेप झाली. निकालानंतर ज्युरींना जेव्हा त्याचा आधीचा इतिहास कळला तेव्हा देशभर एकच प्रश्न उठला: याला सोडलं कोणी?

मॉडलिंग यांनी त्याच दिवशी संसदेत दोन चौकशा जाहीर केल्या. सर कार्ल आर्व्होल्ड यांच्या समितीने १९७३ मध्ये सांगितलं की विशेष धोक्याच्या रुग्णांच्या सुटकेआधी स्वतंत्र सल्लागार मंडळाचं मत घ्यावं, एका डॉक्टरच्या शब्दावर विसंबू नये. तसं मंडळ स्थापन झालं. लॉर्ड बटलर यांच्या मोठ्या समितीने १९७५ पर्यंत काम करून ती मधली जागा सुचवली, म्हणजे ठिकठिकाणची सुरक्षित पण ब्रॉडमूरइतकी कडेकोट नसलेली केंद्रं. पुढे ती उभीही राहिली. शीर्षक-बातम्यांत या गोष्टी कधी चमकल्या नाहीत, पण माझ्या मते यंग प्रकरणातून इंग्लंडने घेतलेला खरा उपयोगी धडा हाच. चौदा वर्षांच्या पोराला एक दिवस सोडायचं ठरवणं चूक नव्हतं. त्याचा विचार एका टेबलावर झाला, माहिती एका कपाटात राहिली आणि बाहेर त्याला घेणारं कोणी तयार केलं नव्हतं, ही चूक होती, आणि तिची किंमत भरली ती बोव्हिंग्डनच्या चहाच्या गाडीभोवतीच्या माणसांनी.

लोकमत मात्र इतकं बारकाईने विचार करत नाही. त्याला दार बंद हवं असतं. अमेरिकेत अनेक राज्यांनी ते बंद केलंही. सुटकेची कसलीच शक्यता नसलेली जन्मठेप तिथे सतरा, सोळा, अगदी चौदा वर्षांच्यांनाही दिली गेली. खुनाखेरीज इतर गुन्ह्यांसाठी मुलांना अशी शिक्षा देता येणार नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ठरवलं. त्या निकालाचं नाव योगायोगाने ‘ग्रॅहम विरुद्ध फ्लॉरिडा’. अशी जन्मठेप भोगलेला लुइझियानाचा हेन्री माँटगोमरी सतराव्या वर्षी, १९६३ मध्ये, आत गेला आणि २०२१ च्या नोव्हेंबरात पंचाहत्तराव्या वर्षी बाहेर आला. आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २१ म्हणतं की बालकाला फाशी किंवा सुटकेच्या शक्यतेविना जन्मठेप देता येणार नाही. पण कलम असून भागत नाही, वयाचा कागद पाहावा लागतो. १९९४ च्या पुण्यातल्या राठी हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेला एक आरोपी गुन्ह्याच्या वेळी साडेबारा वर्षांचा होता, हे राजस्थानातल्या शाळेच्या नोंदीवरून सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०२३ रोजी मान्य केलं. तोवर त्याने अठ्ठावीस वर्षं तुरुंगात काढली होती.

ब्रिटनमध्ये यंगनंतर लंबक दोन्हीकडे हलत राहिला. स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयाने १९८१ मध्ये ब्रॉडमूरच्याच एका रुग्णाच्या अर्जावर निकाल दिला की माणसाला आत ठेवायचं की नाही हे मंत्र्याने नव्हे, न्यायासनासारख्या मंडळाने ठरवलं पाहिजे. १९९६ मध्ये हेच तत्त्व ‘मर्जी असेपर्यंत’ डांबलेल्या मुलांना लागू झालं. लिव्हरपूलच्या दोन वर्षांच्या जेम्स बल्जरला १९९३ मध्ये मारणाऱ्या दोन दहा वर्षांच्या मुलांची किमान मुदत न्यायाधीशाने आठ, सरन्यायाधीशाने दहा आणि गृहमंत्री मायकेल हॉवर्ड यांनी पंधरा वर्षं ठरवली होती. मंत्र्याची ती पंधरा वर्षं १९९७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने रद्द केली. पुढे २०२२ च्या कायद्याने मोठ्या किशोरांसाठीच्या किमान मुदती वाढवल्या.

यंग १ ऑगस्ट १९९० रोजी पार्कहर्स्ट तुरुंगात बेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने मेला. मरेपर्यंत तुरुंगात ठेवण्याचा हुकूम ब्रिटनमध्ये आजही अठराच्या आतल्या कोणालाही देता येत नाही. २९ जुलै २०२४ रोजी साउथपोर्टला नाचाच्या वर्गात तीन लहान मुलींना ठार करणारा तरुण अठरा पूर्ण व्हायला नऊ दिवस कमी होता, म्हणून न्यायाधीशांना ती शिक्षा देता आली नाही. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी दिली ती किमान बावन्न वर्षांची जन्मठेप. पॅरोल मंडळापुढे त्याचं प्रकरण पहिल्यांदा येईल तेव्हा तो सत्तरीला टेकलेला असेल.